रकाना क्रमांक सतरा

मोटार तपासणी कार्यालयाच्या खिडकी क्रमांक तीनवरील लिपिकाने एका नागरिकाच्या अर्जात, रकाना क्रमांक सतरासमोर, स्वतःच्या अक्षरात 'निरंक' असा शब्द लिहिला, अशी तक्रार दाखल झाली आहे. तो लिपिक मी. तक्रार खरी आहे. नियमाप्रमाणे मी खुलासा द्यायचा आणि तो पंधरा दिवस कार्यालयाच्या फलकावर नागरिकांच्या हरकतींसाठी लावायचा, असं ठरलं आहे. तेव्हा आपण फलकासमोर उभे राहून जे वाचत आहात, तो माझा खुलासा. थोडा लांबला आहे. पण बावीस वर्षांच्या नोकरीत मला प्रथमच चार ओळींपेक्षा जास्त लिहायची संधी मिळाली आहे, म्हणून सांभाळून घ्यावं.

आधी रकान्याविषयी. जुन्या गाडीची वार्षिक तपासणी करून घ्यायची तर अठरा रकान्यांचा अर्ज भरावा लागतो. पहिल्या सोळा रकान्यांत गाडीचा रंग, चाकांची संख्या, मालकाच्या वडिलांचं संपूर्ण नाव, अशी गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे की नाही हे ठरवणारी माहिती असते. अठरावा रकाना सहीचा. सतरावा असा आहे: 'मूळ रचनेव्यतिरिक्त गाडीत बसवलेली इतर वस्तू (असल्यास)'.

हा रकाना भरायचा नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. ते कोणी शिकवावं लागत नाही. गाडीत शेजाऱ्याच्या गाडीचा भोंगा, भाच्याने बसवलेले दिवे आणि मेहुण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन आलेला माणूससुद्धा सतरासमोर शांतपणे 'निरंक' लिहितो. मी शिक्का मारतो. आमच्या संगणकालाही त्या जागी तो एकच शब्द ठाऊक आहे. बावीस वर्षं ही व्यवस्था बिनबोभाट चालली होती.

आता अर्जदाराविषयी. अर्जदार छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक आहेत. छापखान्यात त्यांना 'स्वल्पविराम' म्हणत, कारण ते कुठेही अडत. आमच्या कार्यालयाचा हा अर्ज त्याच छापखान्यात छापला जातो आणि तीस वर्षं तो त्यांच्याच नजरेखालून गेला आहे. त्यांच्या पत्नी सरकारी परिचारिका आहेत. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करायची, सुया द्यायच्या, हे त्यांचं काम. गाडी अर्जदारांच्या नावावर आहे, पण चालते ती सिस्टरांच्या फेरीसाठी. रोज सकाळी अकरा घरं. त्यातल्या नवव्या घरात माझी आई असते.

हे मी लपवत नाही. साखरेच्या आजारामुळे आईच्या घोट्याला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. सिस्टर चार महिने रोज येत होत्या. वाटीएवढी जखम बटणाएवढी झाली होती. पण ओळख ओळखीच्या जागी आणि काम कामाच्या जागी, हे माझं तत्त्व आहे. निदान होतं.

गाडी एकोणीस वर्षांची. पहिल्या तपासणीत तिने इतका निळा धूर सोडला, की निरीक्षक साहेबांना 'नापास' हा शेरा खोकत खोकत तीन हप्त्यांत लिहावा लागला. दुरुस्त करून आणायला पंधरा दिवसांची मुदत दिली गेली. अर्जदार गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेले. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून कान लावला.

"काका, इंजिन म्हातारं झालंय. ढेकरा देतंय," तो म्हणाला. "पोटातला वायू या रबरी नळीतून बाहेर येतो आणि वळसा घेऊन परत इंजिनाच्याच नाकात जातो. येताना तेलाची वाफ घेऊन येतो. ती जळते, म्हणून धूर. मध्ये एक डबा बसवा. ढेकर डब्यातून जाऊ दे, तेल डब्यात राहू दे."

"तयार मिळतो का असा डबा?"

"मिळतो. पण तो इतका देखणा असतो, की गाडीला लाज वाटेल. घरीच करा की. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, एकदा स्वतः काहीतरी करा."

अर्जदारांनी मनावर घेतलं. घरात शोधाशोध करता त्यांना सिस्टरांचा स्टीलचा डबा सापडला. घट्ट झाकणाचा, रबरी कडीचा, दोन बाजूंना खटके असलेला, कापूस ठेवायचा. त्यांनी झाकणाला दोन भोकं पाडली. एकातून लांब नळी बुडापर्यंत, दुसऱ्यातून आखूड नळी वरच्या वर. मध्ये भांडी घासायची तारेची घासणी पिंजून भरली, म्हणजे वायू तारांतून वाट काढत जाईल आणि तेल तारांना चिकटून खाली ठिबकेल. घासणीची तार तुटून इंजिनात जाऊ नये म्हणून आखूड नळीच्या तोंडाला चहाची गाळणी बसवली. पहिल्यांदा बागेची नळी वापरली. ती इंजिनाच्या उष्णतेने अर्ध्या तासात जिभेसारखी लोंबली. मग तेल आणि उष्णता सोसणारी जाड नळी आणून पट्ट्यांनी आवळली. डबा बॅटरीशेजारी पत्र्याच्या कोनाने पक्का केला. या सगळ्यात चार दिवस, एक गाळणी आणि सिस्टरांचा विश्वास गेला.

"अहो, माझा कापसाचा डबा कुठाय?" सिस्टरांनी विचारलं.

"कामावर आहे," अर्जदार म्हणाले.

आठवड्यानंतर झाकण उघडलं, तर तळाशी सायीसारखं, मातकट रंगाचं काहीतरी दोन चमचे जमलं होतं. आणि धूर गेला होता. मी स्वतः पाहिलं आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी गाडी आमच्या आवारात आली तेव्हा निरीक्षक साहेबांनी धुराचं यंत्र दोनदा आपटून बघितलं, कारण काटा हलत नव्हता. गाडी धुरात उत्तीर्ण झाली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण अर्जदार माझ्या खिडकीशी आले आणि त्यांनी अर्ज सरकवला. सतरासमोर, सुवाच्य अक्षरात, लिहिलेलं होतं: 'तेल अडवण्याचा डबा, घरगुती, एक नग'.

मी आधी चष्मा पुसला.

"काका, सतरा नंबरवर काहीतरी पडलंय," मी म्हणालो.

"पडलेलं नाही. लिहिलंय."

"पण तिथे लिहीत नाहीत."

"मग छापलाय कशाला?"

हा प्रश्न मला बावीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. मागे रांग चुळबुळायला लागली होती. मी आवाज खाली आणून म्हणालो, "काका, 'निरंक' लिहा आणि मोकळे व्हा. बॉनेट उघडून बघायला कोण येतंय?"

"डबा असताना 'निरंक' लिहू?" ते म्हणाले. "साहेब, तीस वर्षं दर आवृत्तीला या 'असल्यास'चा काना तपासलाय मी. कशासाठी? कधीतरी कोणीतरी भरेल म्हणून ना? आता आमच्याकडे 'असल्यास' आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संगणकाने अर्ज तीन वेळा परत फेकला. भरलेल्या रकान्याचं काय करायचं याचा नियम मी शोधला. नियमावलीत तो रकाना कोणत्या शाईने भरावा एवढंच होतं. शेवटी मी टिप्पणी लिहून प्रकरण निरीक्षक साहेबांकडे पाठवलं. कर्तव्यात कसूर केली असं कोणी म्हणू नये, एवढाच हेतू होता.

साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं. डबा चकाकत होता. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'निर्जंतुक कापूस'.

"अर्जात तेल, डब्यावर कापूस," साहेब म्हणाले. "नेमकं काय आहे?"

"तेल आहे साहेब. कापूस पूर्वी होता."

"निर्जंतुक?"

"कापूस होता. तेलाबद्दल खात्री देता येत नाही."

"किती तेल?"

"आठवड्याला दोन चमचे."

"कुठले चमचे?"

"खोकल्याच्या औषधाचे."

"आणि डब्यात मावतं किती?"

"अर्धा लिटर मावेल."

साहेबांनी लिहिलं: तेल वाहून नेण्याची क्षमता, अर्धा लिटर. अर्जदारांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "वाहून नेत नाही, साहेब. अडवून ठेवतो."

"गाडी चालते ना?"

"चालते."

"चालताना तेल डब्यात असतं ना?"

"असतं."

"मग तेल वाहून नेलं जातं."

या तर्कात खोट काढायला जागा नव्हती. जी गाडी तेल वाहून नेते ती नियमाने टँकर. उलट डबा रुग्णसेवेचा, गाडी परिचारिकेची, म्हणजे दुसऱ्या नियमाने ती रुग्णवाहिका. रुग्णवाहिकेत ज्वलनशील पदार्थ नेता येत नाही आणि टँकरमध्ये रुग्ण नेता येत नाही. म्हणजे गाडी जागची हलली की कुठला ना कुठला नियम मोडणार. ती जोवर उभी आहे तोवरच कायदेशीर आहे, असं साहेबांनी नोंदवलं आणि वर्गवारी होईपर्यंत गाडी आमच्या आवारात, माझ्या खिडकीच्या अगदी समोर, उभी करून घेतली. वर्गवारीसाठी समिती नेमली. समितीत टँकर विभागाचा एक, रुग्णवाहिका विभागाचा एक आणि दोघांचं पटू नये म्हणून एक अध्यक्ष.

दुसरा कोणी असता तर बोंब मारली असती. अर्जदारांनी नियम मागून घेतले, त्यातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका दुरुस्त करून दिल्या आणि उभ्या गाडीत एकेक अट पुरी करायला लागले. टँकरला वीज जमिनीत उतरवणारी साखळी लागते, म्हणून मागे साखळी बांधली. दोन्ही बाजूंना 'सावधान, ज्वलनशील' लिहिलं. आग विझवायचं नळकांडं टँकरच्या मापाचंच हवं, ते पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलं. लांबून बघणाऱ्याला कोणी लालबुंद पाहुणा बसलाय असं वाटे. दोन चमचे तेलासाठी एवढं सगळं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मग रुग्णवाहिका विभागाने स्ट्रेचर मागितलं. गाडी लहान. स्ट्रेचर मागच्या काचेतून हातभर बाहेर आलं. बाहेर आलेल्या वस्तूला लाल फडकं बांधावं लागतं, ते त्यांनी बांधलं. लाल फडकं बघून समितीच्या अध्यक्षांनी तिसरा मुद्दा काढला, की लांब माल नेणारी गाडी ही मालवाहू असते. समितीत आणखी एक सदस्य वाढला.

चौकशी मात्र कसून झाली. समितीने डबा तीन वेळा उघडवला, टेपने मापला, नळ्यांची उंची घेतली, घासणीची जात विचारली आणि नकाशा काढून घेतला. अध्यक्षांनी तर गाळणी कुठल्या दुकानातली, हेही टिपून घेतलं. पुढच्या आठवड्यात कार्यालयाच्या चार गाड्या, ज्या आवारात शिरल्या की आम्ही खिडक्या लावून घेत असू, त्या धूर सोडेनाशा झाल्या. त्याचं कारण तपासलं गेलं नाही. चारही गाड्यांच्या अर्जांत सतरासमोर 'निरंक' आहे.

गाडी अडकल्याच्या तिसऱ्या दिवशी सिस्टर माझ्या खिडकीशी आल्या. रांगेत उभ्या राहून आल्या. चपला धुळीने भरल्या होत्या आणि खांद्याला दोन पिशव्या होत्या.

"भाऊ, गाडी कधी सुटेल?"

"वर्गवारी झाली की लगेच."

"पायी माझी पाच घरं होतात. ओढून ताणून सहावं." त्या थांबल्या. नववं कोणाचं ते दोघांनाही माहीत होतं. "मावशींची पट्टी आता तुम्हीच बदला. पाणी उकळून गार करा. हात साबणाने धुवा, नुसते ओले नका करू. जुनी पट्टी ओढू नका, भिजवून सोडवा. जखमेची कड काळी दिसायला लागली, तर माझी वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या. कळलं?"

"कळलं."

"आणि निदान माझा डबा तरी द्या."

"तो पुरावा आहे, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेने माझ्याकडे फक्त आईने पाहिलं आहे, आणि तेही मी तिसरीत नापास झालो तेव्हा.

मी पट्टी करायला लागलो. माझा हात शिक्का मारण्यात बसलेला. पट्टीही मी तशीच दाबली. आई कळवळली.

"अरे, पाय आहे तो! अर्जाला तिकीट चिकटवतोस का?"

"हलू नकोस ना आई."

"ती बाई रोज यायची, मला कळायचंसुद्धा नाही कधी आली, कधी बांधून गेली. का येत नाही ती?"

"गाडी तपासणीत अडकलीय तिची."

"कुठल्या तपासणीत?"

मी पट्टीची गाठ आवळू लागलो.

"तुझ्याच ना?" आई म्हणाली. "काय सापडलं गाडीत? चोरीचा माल?"

"दोन चमचे तेल."

आईने पाय माझ्या हातातून सोडवून घेतला. मग म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. तू फाशी देणारा निघालास हे तुझ्या बापाला बघावं लागलं नाही, तेवढं बरं."

मला राग आला. राग आला की मी अर्ज करतो. आरोग्य खात्याकडे मी परिचारिका घरी येत नसल्याची तक्रार करायला घेतली. खात्याचा अर्ज चांगला होता. परिचारिका न येण्याचं कारण निवडायचं होतं: आजारपण, रजा, पाऊस, कुत्रा. शेवटी होतं, 'इतर (असल्यास)'. मी पेन टेकवलं. तिथे काय लिहायचं ते मला नक्की ठाऊक होतं, कार्यालयाच्या नावासकट, खिडकीच्या क्रमांकासकट. मी तो रकाना मोकळा सोडला आणि अर्ज पाठवला. तो 'अपूर्ण' असा शेरा येऊन परत आला.

सहाव्या दिवशी पट्टी सोडवताना वास आला. आधी मला वाटलं उकळलेल्या पाण्याचा असेल. जखम बटणाएवढी राहिली नव्हती आणि खालच्या कडेला, नखाएवढी, काळसर रेघ होती. मी घाबरलो. हे मी स्पष्ट लिहितो, कारण खुलाशात भावना लिहू नयेत असा नियम मला सापडला नाही. आईला कळू नये म्हणून मी तिच्याकडे न बघता पट्टी बांधली, तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "रोज दोन वेळा नीट साफ झालं पाहिजे, तेही जाणत्या हाताने. नाहीतर बोटांवर जाईल, मग पायावर." मी विचारलं, जाणता हात कुठे मिळेल? त्यांनी आमच्या भागाच्या सिस्टरांचंच नाव सांगितलं.

त्याच दुपारी मी मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो. बावीस वर्षांत तिसऱ्यांदा. अर्जदारही तिथे होते. समितीने त्यांना अंतिम सुनावणीला बोलावलं होतं.

"सोपं आहे," मोठे साहेब म्हणाले. "डबा काढा. 'निरंक' खरं होईल."

डबा काढला. नळी पूर्वीसारखी जोडली. गाडी सुरू केली. खोकणारी माणसं आवारातून बाहेर यायला पाव तास लागला. गाडी सतराव्या रकान्यात उत्तीर्ण आणि धुरात नापास झाली. डबा परत बसवला. धुरात उत्तीर्ण आणि सतराव्या रकान्यात नापास. हे दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा मोठ्या साहेबांनीच हात वर केला. खोलीत परतल्यावर त्यांनी समितीला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत, कोणालाही उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "तपासणी डब्यासकट होते. अर्ज डब्याशिवाय असतो. सगळी दुनिया असंच करते. मी काही बोललेलो नाही."

मी अर्जदारांसमोर कोरा अर्ज ठेवला. सोळा रकाने त्यांनी भरले. सतराशी येऊन ते थांबले. छापखान्यातलं नाव खोटं नव्हतं.

"काका, लिहा," मी म्हणालो. "आईच्या पायाची कड काळी पडलीय."

ते दचकले. त्यांना ते माहीत नव्हतं. पेन उचललं, टेकवलं, परत ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "साहेब, तुमच्या आईसाठी मी पायी चालत पट्टी करायला येईन, शिकून घेईन हिच्याकडून. पण हे मला लिहिता येत नाही हो. आयुष्यभर दुसऱ्यांची चूक काढून खाल्लं. स्वतःच्या हाताने एक घालू?"

ते पाणी प्यायला बाहेर गेले. अर्ज माझ्यासमोर होता. पेन माझ्या हातात होतं. मी 'निरंक' लिहिलं. शिक्का मारला. ते आले तेव्हा मी हात रकान्यावर ठेवून सही तेवढी घेतली. अर्ज संगणकाने पहिल्या फटक्यात घेतला आणि अकरा मिनिटांत प्रमाणपत्र बाहेर पडलं. टँकर, रुग्णवाहिका आणि मालवाहू गाडी एका शब्दात मोटार झाली. निरोप मिळताच आलेल्या सिस्टरांनी स्ट्रेचर आणि नळकांडं तिथेच उतरवलं आणि साखळी खळखळ वाजवत गाडी थेट माझ्या घरी नेली.

रोज दोन वेळा त्या येऊ लागल्या. पहिल्या दिवशी पट्टी सोडवून त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आणखी दोन दिवस गेले असते तर," आणि वाक्य पुरं न करता कामाला लागल्या.

तक्रार कोणी केली, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. अर्जदारांनी केली. घरी जाऊन त्यांनी प्रमाणपत्राला जोडलेली अर्जाची प्रत वाचून काढली, ती सवयच आहे त्यांची. चार पानी तक्रारीत माझ्याविषयी वाकडा शब्द नाही. उलट मी सज्जन असल्याचं दोनदा लिहिलं आहे. फक्त रकाना सतरामध्ये एक दोष राहून गेला असून तो दुरुस्त व्हावा, आणि तिथलं अक्षर आपलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. सिस्टर त्यांच्याशी आठ दिवस बोलत नव्हत्या असं कळतं. मला त्यांचा राग येत नाही. राग यायला माणूस थोडा तरी खोटा असावा लागतो.

झालं ते असं आहे. मी लिहिलं, जाणूनबुजून लिहिलं, आणि कड पुन्हा काळी दिसली तर पुन्हा लिहीन. मोठ्या साहेबांनी मला काहीही सांगितलेलं नाही. तसं त्यांनीच मला सांगितलं आहे.

पुरवणी खुलासा, दिवस अकरावा.

नागरिकांच्या माहितीसाठी पुढची कार्यपद्धती लिहिण्याचा आदेश आहे. पंधरा दिवसांत एकही हरकत आली नाही, तर प्रकरण दप्तरी दाखल होईल आणि प्रमाणपत्र वर्षभर चालेल. एक जरी हरकत आली, तरी प्रमाणपत्र रद्द होईल, गाडी पुन्हा आवारात उभी राहील आणि समिती पुन्हा बसेल. अर्जदार स्वतः तक्रारदार असल्याने त्यांना हरकत घेता येत नाही. याचं त्यांना फार वाईट वाटतं. आईची जखम आता पुन्हा बटणावर आली आहे. सिस्टर म्हणतात, अजून तीन आठवडे खंड पडता कामा नये.

फलकासमोर गर्दी बरी असते. मी खिडकीतून बघतो. लोक चवीने वाचतात. स्ट्रेचरपाशी हसतात, आईपाशी चुकचुकतात आणि शेवटी एकमेकांना सांगतात, की काही झालं तरी सरकारी माणसाने खोटं लिहायला नको होतं. अशाने देश कसा चालायचा? अगदी योग्य आहे. आपलंही मत तसंच असेल, तर हरकतीचा अर्ज माझ्याच खिडकीवर मिळतो. सोबत स्वतःच्या गाडीच्या मागच्या तपासणीचा अर्ज जोडावा लागतो, आणि नियमाप्रमाणे मला त्यातला सतरावा रकाना बॉनेट उघडून, आपल्यासमोर, मोठ्याने वाचावा लागतो.

अकरा दिवसांत अजून कोणी आलेलं नाही. आपण इतका वेळ उभे आहात, तेव्हा विचारतो. खिडकी साडेपाचपर्यंत उघडी आहे. गाडी बाहेरच लावली आहे ना?